गुरुजी मला ओळखत नाहीत

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी नेहमी गोष्ट लावतो. आज सकाळी जे घडलं तेच लावतोय.

कराचीहून बोटीने मी उरणला आलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नागरिकत्वाच्या अर्जावर 'मी यास ओळखतो' असं लिहून गावातल्या प्रतिष्ठित माणसाने सही करायची असते. म्हणून गुरुजींकडे गेलो. तीन वर्षं माझं लिखाण तेच तपासतात.

"उद्या पोलीस मलाच विचारतील रे," ते म्हणाले. "तसा मी तुला कुठे ओळखतो?"

समोर नवा दिवाळी अंक पडला होता. सहज उघडला, तर आत माझी गोष्ट! कराचीतच वारलेल्या माझ्या आईची. 'मासिकाला पाठवतो' म्हणून गुरुजींनीच नेलेली. वर नाव गुरुजींचं.

"निर्वासिताचं कोण छापणार? छापून आली ना, झालं तर."

अर्ज तसाच घेऊन उठलो.

आत्ता इथे बसून वाचनालयात आलेला तोच अंक पुन्हा वाचला. त्यांनी फक्त लेखकाचं नाव बदललंय. आईचं नाव तेच, गल्लीही तीच. मंडळी, गुरुजींनी कराची कधी पाहिलेली नाही. मला ओळखत नाहीत, ठीक आहे. पण ही आई कोणाची, एवढं त्यांना कोणी विचाराल?