ओळींमधल्या पट्ट्या

ओलं प्रूफ हातात आलं की दादा ते आधी उलटं धरत. हात लांब करायचे, एक डोळा बारीक करायचे आणि बघत राहायचे. मी चुका शोधायला पुढे वाकलो की खेकसायचे, "वाचू नको. देख!"

छापखान्यात उलटं वाचणं सगळ्यांनाच येतं, अक्षरांचे खिळे उलटेच असतात. पण दादा वाचण्यासाठी उलटं धरत नसत, वाचता येऊ नये म्हणून धरत. शब्द दिसेनासे झाले की पान कुठे गच्च झालंय, कुठे उगाच भोक पडलंय, ते दिसतं. एवढं कळायला मला वर्ष लागलं. कळल्यावर मी काय दिवे लावले, तेच सांगायला बसलो आहे.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. नंदुरबारला स्टेशनच्या रस्त्यावर माझ्या मामांचा छापखाना होता. मॅट्रिकला दोनदा आपटलेला, चोवीस वर्षांचा घोडा मी, तिथे काम शिकायला लागलो. शिकवायला दादा. ते मुख्य जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारे. तोरणमाळच्या घाटाखालच्या पाड्यावरचे. घरी पावरी बोलत, आमच्याशी अहिराणी, आणि जुळवत मात्र पुस्तकी मराठी. मामांपेक्षा वयाने मोठे, तरी मामा त्यांना "ए जुळाऱ्या" म्हणूनच हाक मारत. मला ते ऐकून राग यायचा. मी तो गिळायचो. राग गिळण्यात मी तेव्हापासून पटाईत.

दादा गिळत नसत. एका शेठजींना लग्नपत्रिकेत झाडून सगळे काका हवे होते. दादांनी कागद त्यांच्यासमोर उलटा धरला. "शेट, हाई पत्रिका शे का बाजारनी मोटर?" आणि आठ काका उचलून मागच्या पानावर नेऊन बसवले. शेठजींनी छापखाना डोक्यावर घेतला. लग्नात मात्र सगळ्यांनी पत्रिकेचं कौतुक केलं, आणि शेठजींनी ते खुशाल स्वतःकडे घेतलं.

होळीला चार दिवस ते डोंगरातल्या काठी गावी नाचायला जात. मामा दरवर्षी आदळआपट करत, दादा दरवर्षी जात. परत येत तेव्हा अंगावर रंगवलेले पांढरे ठिपके मानेमागे तसेच राहिलेले असत. त्या दिवसांत ते चुकूनही खेकसत नसत.

दोन ओळींच्या मध्ये शिशाची बारीक पट्टी घालतात, त्याने ओळी सुट्या होतात. दादा ती सढळ हाताने घालत. मी एकदा म्हणालो, "दादा, एवढी जागा कोरीच जाते." त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. पहिलं बोट मधल्या पेरात वाकडं होतं.

"पाड्यावरना शाळामा पुस्तक व्हतं, मुंग्याना वारूळना मायक. बोट ठेवी वाचू, तरी ओळ सुटे. ओळ सुटनी का त्या बोटवर छडी." मग पट्टी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "डोयासले दम खावाले जागा जोयजे. हाई कोरं नही शे. हाई बी काम शे."

आणि नेमकं त्याच शाळांसाठीचं पहिलीचं पुस्तक आमच्याकडे आलं. लिहिणारे शाळाखात्यातले निवृत्त डिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब. दादांनी ते आपल्या मनाने जुळवलं. एका पानावर एक मोठं अक्षर, एक चित्र, खाली दोन शब्द, आणि भोवती ऐसपैस जागा. बत्तीस पानं. इतकं देखणं पान मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही. प्रूफ उलटं धरून दादा पहिल्यांदाच हसले.

डिपोटींनी चष्मा पुसून पानं चाळली. "अहो, मुलांना अक्षरं शिकवायची आहेत, मोकळी जागा नव्हे. सोळा पानांत बसवा. बारीक खिळा घ्या."

मामा लगेच दादांवर धावून गेले. "कागद काय तुन्हा बापना शे का?"

दादा शांतपणे म्हणाले, "हाई मन्हाघाई व्हवाव नही."

"मग चालू पड. हाऊ करी." मामांचं बोट माझ्याकडे होतं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी "नाही" म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द जुळवायचा होता. मी खाली मान घालून उभा राहिलो.

ज्याने जुळवलं त्यानेच सोडायचं, म्हणजे खिळे परत पेटीतल्या आपापल्या घरात टाकायचे, अशी छापखान्याची रीत. हाकलून दिलेला माणूस दोन दिवस उभा राहून आपलीच बत्तीस पानं मोडत होता. मला वाटत होतं, फेका ते सगळं जमिनीवर, मामांच्या डोक्यात घाला! निदान खिळे एकमेकांत कालवून जा. त्यांनी काही केलं नाही. शेवटी पट्ट्यांची जुडी सुतळीने बांधली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "ठेव. कधी तरी लागतीन."

ते गेल्यावर आठवडाभर मी प्रत्येक खिळा तपासून उचलत होतो. एकही चुकीच्या घरात नव्हता. मला स्वतःचा संताप आला, तोही मी गिळला. आणि बारीक खिळा घेऊन मी सोळा पानं गच्च भरली. पट्टी एकही घातली नाही.

दादा पुन्हा दिसले नाहीत. होळीनंतर काठीहून येणाऱ्यांना विचारायचो. कुणी सांगे गुजरातेत गेले, कुणी सांगे पाड्यावर शेती करतात.

दोन वर्षांनी तोरणमाळच्या वाटेवरच्या एका शाळेत मी नकाशे पोचवायला गेलो होतो. एक पोरगा उभा राहून वाचत होता. पुस्तक आमचंच. बोट ओळीवर होतं, ते घसरलं, खालच्या ओळीत गेलं. गुरुजींनी छडी मारली ती त्या बोटावरच.

मी पोराच्या हातातून पुस्तक घेतलं, उलटं केलं आणि हात लांब करून धरलं. पान काळंठिक्कर होतं. कुठेही श्वास घ्यायला जागा नव्हती.

गुरुजी हसले. "अहो, उलटं धरलंय तुम्ही."

"बरोबर धरलंय," मी म्हणालो. "छडी मला मारा. ह्या ओळी मी जुळवल्यात."