टपावरचा अँटेना

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. हे मी कुठेही ताठ मानेने सांगतो, कारण त्या कागदासाठी काय काय केलं ते मला माहीत आहे. पण त्याच पदवीच्या जोरावर मी एकदा वडिलांशी खोटं बोललो. तेही ताठ मानेनेच.

आई गेल्यावर आबांना मी चेन्नईला, अड्यारच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. आबा वीज मंडळात वायरमन होते. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण खांबावर. तमिळ त्यांना येईना, इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. मी आणि बायको सकाळी आठला बाहेर पडायचो ते संध्याकाळी सातला परत. मधल्या वेळात आबा बोलायचे ते खालच्या भाजीवालीशी, तेही बोटांनी.

ऑफिसातले आम्ही चौघे सुट्टीत गाड्या घेऊन डोंगरांकडे फिरायला जायचो. घाटात मोबाइलची रेंज जाते, म्हणून प्रत्येकाने गाडीत सीबी रेडिओ बसवायचं ठरलं. हातात माइक, बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मी एक जुना सेट आणला. अँटेना घ्यायचा राहिला होता, म्हणून सेट हॉलमधल्या टेबलावर नुसता पडून होता.

एका संध्याकाळी कुलूप उघडून आत आलो तर घरात मराठी चाललं होतं. आबांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून सेटला वीज दिली होती, बाल्कनीतल्या कपड्यांच्या बांबूला तांब्याची तार बांधली होती आणि माइक तोंडाशी धरून आमच्या गावच्या आठवडी बाजाराची हकीकत कुणाला तरी सांगत होते.

ते कुणी तरी म्हणजे चेन्नईतल्याच मैलापूरचे एक निवृत्त गृहस्थ, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांची मुलं-नातवंडं तमिळच बोलत. त्यांच्या गच्चीवर चांगला उंच अँटेना होता, म्हणून आमची बांबूची तार निभावून गेली. त्यांचं मराठी जुनं, त्याला तमिळ हेल. ‘घरीं अस्की बरे आहेत की?’ असं विचारायचे. अस्की म्हणजे सगळे, हे आबांना दुसऱ्या दिवशी कळलं.

‘शिवाजी म्हाराजांच्या दरबारातनं उठून आल्यागत बोलतंय बघ,’ आबा मला म्हणाले, ‘पण गडी झकास हाय.’

‘मग त्यांचा नंबर घ्या की. फोन करत जा.’

‘फोनला कायतरी काम लागतं. उगंच फोन करून काय म्हनायचं? मी नुसता बसलोय म्हनून?’

रेडिओवर आबा निराळेच होते. माझ्याशी बोलताना त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहायचं, कारण उरलेलं मीच पुरं करायचो. इथे त्यांनी बटण सोडेपर्यंत समोरच्याला मधे तोंड घालताच येत नव्हतं. साठी उलटल्यावर त्यांना पहिल्यांदा कुणी शेवटपर्यंत ऐकून घेत होतं.

पण तारेवर आवाज तुटायचा, वारा सुटला की पार गायब व्हायचा. खरा अँटेना हवा होता. सेट एकच, त्यामुळे एकच जागा निवडायची होती. एक तर गच्चीवर साडेपाच मीटरचा अॅल्युमिनियमचा उभा दांडा आणि तिथून घरात केबल. नाही तर गाडीच्या टपावर लोहचुंबकाने चिकटणारी काठी.

‘गच्चीवर लाव,’ आबा म्हणाले. ‘मला पाइप दे, दोर दे. मानूस नगं. अर्ध्या दिसाचं काम.’

त्यांचे हात शिवशिवत होते ते मला दिसत होतं. आणखीही एक दिसत होतं: आबा अर्ध्या चड्डीवर, कमरेला दोर, दातांत पकड, पाण्याच्या टाकीवर चढलेले, समोरच्या गच्चीवर तांदळाच्या कुरडया, वडम, वाळत घालणाऱ्या बायका बघताहेत, आणि आमच्या इमारतीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले, मला ‘इंजिनिअर सार’ म्हणणारे, खालून मान वर करून उभे. वडील काय करायचे असं त्यांनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं होतं. ‘वीज मंडळात होते,’ एवढंच मी म्हणालो होतो. त्यांनी मनात साहेब धरला. मी धरू दिला.

म्हणून मी आबांना समोर बसवलं आणि कागद घेतला. तरंगलांबी लिहिली, उंची लिहिली, केबलमध्ये किती ताकद वाया जाते ते लिहिलं. गच्चीवर वीज पडण्याचा धोका असतो, असोसिएशन परवानगी देणार नाही, असं सांगितलं. असोसिएशनला मी विचारलंच नव्हतं. विजेसाठी अर्थिंग करावं लागतं, आणि ते आबांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं असतं.

‘आबा, हे खांबावर चढण्याइतकं सोपं नाही. याला हिशेब लागतो.’

आबांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, ‘बरं. तू शिकलायस.’

अँटेना गाडीवर बसला. आमची गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये असते. वर काँक्रीटचा स्लॅब, तिथे रेडिओ मुका. गाडी रस्त्यावर काढली तरच बोलता यायचं, आणि आबांना गाडी येत नव्हती. त्यामुळे रोजचं बोलणं रविवारवर आलं.

‘गाडी भायेर काढतोस का?’ आबा रविवारी सकाळी दारात उभे राहून विचारायचे. आंघोळ झालेली, शर्ट घातलेला.

कधी काढायचो. कधी मित्रांबरोबर मीच गाडी घेऊन गेलेला असायचो. कधी म्हणायचो, ‘दहा मिनिटं थांबा,’ आणि पुन्हा झोपायचो. आबांनी दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही.

अशाच एका रविवारी गाडी झाडाखाली लावून मी शहाळं आणायला गेलो. परत आलो तेव्हा काचा खाली होत्या आणि मैलापूरचे गृहस्थ विचारत होते, ‘घरावर कां नाहीं बसविलें? रोज बोलतां आलें असतें की.’

आबांनी बटण दाबलं.

‘न्हाई, त्याचं काय हाय, घरावर धोका असतो. इजेचा. माझ्या पोरानं समदा हिशेब काढला, कागदावर. इंजिनेर हाय त्यो. मला कळतंय का त्यातलं? मी बी म्हनलं, गाडीवरच बरं.’

चाळीस वर्षं विजेच्या तारांत काढलेला माणूस हे सांगत होता. मी शहाळं घेऊन गाडीच्या मागे उभा राहिलो. तेव्हा पुढे होऊन एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. शहाळं आत दिलं आणि म्हणालो, ‘आबा, आटपा, ऊन झालं.’

पोंगलच्या सुट्टीत आबा माझ्या बहिणीकडे, गावी गेले ते परत आले नाहीत. ‘तुज्याकडं कमी काय न्हाई,’ फोनवर म्हणाले. ‘पर हितं दारात बसलं की येनारा-जानारा बोलतोय.’

त्यानंतर मी गच्चीवर अँटेना लावायचं ठरवलं. सेक्रेटरींकडे गेलो, तयारी करून. त्यांनी दोन मिनिटांत होकार दिला, वर येऊन शिडीही धरली. दांडा उभा करून त्याला ताणाचे दोर बांधायला मला दोन रविवार लागले. दुसऱ्या रविवारी त्यांनी न विचारताच मी सांगितलं, की माझे वडील वायरमन होते, त्यांना हे अर्ध्या दिवसाचं काम.

‘मग तेव्हाच सांगायचं ना, सार!’ ते म्हणाले. ‘आपला मीटरबोर्ड दाखवला असता त्यांना. इथे चांगला माणूस मिळतो कुठे?’

आता आवाज स्वच्छ येतो. मैलापूरचे गृहस्थ संध्याकाळी रेडिओवर येतात. ‘बाप्पा आहेत की?’ असं पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, बाप्पा म्हणजे वडील. नाहीत म्हणालो. आता विचारत नाहीत. माझ्याशी ते थोडं हवापाण्याचं बोलतात आणि थांबतात. सांगण्यासारखा आठवडी बाजार माझ्याकडे नाही.

आबांना फोन केला. सगळं सांगायचं, असं ठरवूनच केला होता.

‘आबा, अँटेना गच्चीवर लावला.’

‘पाइप केवढा?’

‘अठरा फुटी.’

‘तान किती बाजूनं दिलायस?’

‘तीन.’

‘चार पायजेत. समुद्राचा वारा हाय तिथं.’

‘आबा, तेव्हा मी तुम्हाला जे…’

‘चौथा दे आदी,’ आबा म्हणाले. ‘ठेवतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी, इस्त्रीचे कपडे घालूनच मी वर गेलो आणि चौथा दोर बांधला. आबांची गाठ कशी असते ते मला आठवेना, म्हणून साधीच मारली. खाली आल्यावर फोन लावला. तो बहिणीने उचलला. आबा बाहेर दारात कुणाशी तरी बोलत बसले होते, म्हणाली, हाक मारू का?

नको म्हणालो. त्यांचं बोलणं होऊ दे.