पत्रिकेला मायक्रोफोन कशाला?

सांगते, सगळं सांगते! पण आधी शब्द द्या, आमच्या आत्यासमोर हा विषय काढायचा नाही.

मी मुळातच भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. त्यात कॉलेजात सायबर सुरक्षेवरचं एक व्याख्यान ऐकलं आणि तेव्हापासून मला प्रत्येक लिंकमागे चोर दिसतो.

तर त्या दुपारी बाबा फोन चार्जिंगला लावून दुकानात गेलेले. मेसेज आला. आम्ही रिसोडला, आत्या मंगरूळपीरला. तिच्या लेकीचं, शीतलचं लग्न ठरलेलं. मेसेज शीतलच्या भावाचा, गजूदादाचा : ‘मामा, पत्रिका पाठवली. उघडा.’

पण पत्रिका म्हणजे फोटो नाही, पीडीएफ नाही. चक्क ॲप! बोट लावलं तर फोन म्हणतो, तुमच्या सुरक्षेसाठी इथून आलेलं अनोळखी ॲप टाकता येणार नाही. टाकायचंच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्या.

मी फोन गादीवर फेकला. अहो, व्याख्यानात नेमकं हेच सांगितलं होतं! लग्नपत्रिका म्हणून ॲप येतं, ते टाकलं की चोर थेट फोनात!

तेवढ्यात गादीवरचा फोन वाजला. गजूदादा!

“मामा, पत्रिका पाह्यली काय?”

“मी पल्लवी बोलतेय.”

“हां पल्लवे, तूच उघडून दे मामाले. थे परवानगी मागते, त सगळ्याले हो म्हण अन् पुढं जाय.”

ऐकलंत? सगळ्याला हो म्हण! चोर याहून वेगळं काय बोलतो? दादाचा फोन चोरांच्या हाती गेला, आणि कुणीतरी त्याच्या आवाजात बोलतंय, याची मला खात्रीच पटली. कुतूहल एवढंच, की चोर इतकी झकास वऱ्हाडी शिकला कुठे?

“लहानपणी तू आंब्यावरून पडलास, तेव्हा हात कुणाचा मोडला?” मी परीक्षा घेतली.

“काहून?”

“सांग आधी!”

“तुहा. मी वरून पडलो, तू खाली उभी होतीस.”

उत्तर बरोबर होतं. म्हणजे काय? म्हणजे चोरांनी दादाला बांधून ठेवून सगळं वदवून घेतलंय!

मी फोन कापला, दादाचा नंबर ब्लॉक केला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज पाठवला : “गजूदादाचा फोन चोरांच्या ताब्यात आहे. पत्रिका उघडू नका, त्याचा फोन उचलू नका. आत्याचाही उचलू नका, त्यांच्या घरात वायफाय एकच आहे!” त्याआधीच आत्याच्या सगळ्या घराला ग्रुपातून काढून टाकलं होतं, बाबा ॲडमिन आहेत ना! आणि हो, बाबांच्या फोनवर आत्याही ब्लॉक! मानोऱ्याच्या काकूंनी लगेच ‘शाबास पोरी’ म्हणून पाठवलं. काय सुख वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी बाबा जेवायला बसले होते, तर दारात आत्या. जीपमधून उतरली ती डोळ्याला पदर लावूनच. मागे गजूदादा, गाल फुगवून.

“भाऊ, काय चुकलं माह्यं?” आत्या उंबऱ्याबाहेरच उभी. “पयली पत्रिका मामाले म्हणून तुले धाडली. तू उघडत नाही, फोन उचलत नाही, सोयरेधायरे उचलत नाहीत. मामाच नाही आला त पोरीले मांडवात कोन आणीन?”

बाबांचा घास हातातच. “अवं बाई, मी येत नाही म्हणून कोण म्हणलं?” मग त्यांची मान हळूहळू माझ्याकडे वळली. “पल्लवे, काय करून ठेवलं वं?”

मी सांगितलं. गजूदादाने कपाळावर हात मारला. “अवं, मीच बनवलं थे ॲप! मांडवाचा रस्ता, हळदीची वेळ, सारं त्याच्यात हाये. कागद कायले छापा, म्हणलं!”

“म्हणजे राग नाही न, भाऊ?” आत्या अजून उंबऱ्याबाहेरच होती.

“कायचा राग? मीच आणीन शीतलले मांडवात. आत ये पाहू.”

आत्या आत आली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पण कुतूहल स्वस्थ बसू देईना. दादाच्याच फोनवर ती पत्रिका उघडली. तिला ठिकाण हवं, संपर्क हवेत, मेसेज हवेत, मायक्रोफोनसुद्धा हवा!

“दादा, रस्ता दाखवायला ठिकाण, समजलं. पण पत्रिकेला मायक्रोफोन कशाला? मंगलाष्टकं आम्ही म्हणायची का?”

“मले काय मालूम? नेटवरून तयार उचललं. त्याच्यात होतं, राहू देल्लं.”

“आणि ज्याचं उचललंस, तो आमचे मेसेज वाचत बसला तर?”

बाबांनी चक्क कौतुकाने पाहिलं माझ्याकडे! पत्रिकेचा साधा फोटो पाठवायचं ठरलं आणि आत्याने देवापुढे अक्षता ठेवून तोंडाने आमंत्रण दिलं.

इथे थांबले असते तर? पण माझी मान ताठ झालेली ना! “या सगळे,” मी म्हटलं, “अनोळखी ॲपची परवानगी कुठे बंद करायची ते शिकवते. हा बघा माझा फोन.” सेटिंग उघडून फोन मधोमध धरला.

गजूदादा वाकला. “पल्लवे, इथं ब्राउजरपुढं ‘परवानगी आहे’ काहून लिवलं वं?”

“ते... चुकून असेल.”

“अन् त्याच्यातून अनोळखी ॲप टाकलं कोणतं?”

मी फोन ओढला, पण आत्याचा हात आधी पोचला. तिने शोधून ॲप उघडलंच : ‘नवरीच्या साजात तुम्ही कशा दिसाल?’ ठिकाण, संपर्क, मेसेज, मायक्रोफोन, सगळ्याला मी हो म्हटलेलं. आणि पडद्यावर मी! नथ, मुंडावळ्या, हिरवा चुडा आणि तिरपी मान.

आत्याने फोटो बाबांपुढे धरला.

“भाऊ, इच्या मामाले सांगून ठेव. पोरगी त तयार होऊन बसली!”