कंट्रोल-एस

महाडात वीज कधी जाईल याचा नेम नसे. त्यामुळे कॉम्प्युटरवर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या बोटांना एक खोड जडली होती: ओळ संपली की कंट्रोल धरून एस दाबायचं, मजकूर सेव्ह करायचा. माझ्या जुनाट मशीनवर विंडोज चालेना, म्हणून लिनक्स टाकलेलं. लिहायचं ते टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर, मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत. तिथल्या एडिटरला, म्हणजे लिहायच्या प्रोग्रामला, कंट्रोल-एस ठाऊकच नव्हतं. मी खटपट करून त्याच्या सेटिंगमध्ये ते घातलं आणि करून न बघताच झालं एकदाचं, असं समजलो.

बाबा पोलादपूरच्या वरच्या धनगरवाडीतून माझ्याकडे आले होते. घशाचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऐन उन्हाळ्यात डोंगरात म्हशींना पाणी कुठे मिळतं, हे एकट्या बाबांना ठाऊक. टेपरेकॉर्डर समोर ठेवला की त्यांची वाचाच बसायची. म्हणून मुंबईला निघायच्या सकाळी ते सांगू लागले आणि मी टाइप करू लागलो.

आवाज इतका खोल गेलेला की मी पडद्याकडे नव्हे, त्यांच्या ओठांकडे बघत होतो. कुठली घळ, कुठला कातळ, कुठे हातभर उकरायचं. मी शाळेपासून महाडात वाढलेला, डोंगर मला परका. नावं कानातून सरळ बोटांत उतरत होती, डोक्यात काही थांबत नव्हतं. ओळ संपली की कंट्रोल-एस.

"लिवलंस ना रे सगळं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मग आवाज गेला तरी चालंल."

मी पडद्याकडे वळलो. तिथे फक्त पहिली ओळ होती. कुठलंही बटण दाबा, ढिम्म! बाहेर गाडी येऊन थांबलेली. मशीन हँग झालं, पण ओळ न् ओळ सेव्ह झालेली आहे, असं समजून मी खटका बंद केला.

ऑपरेशननंतर परत येऊन बघतो, तर फाइल रिकामी. पुढे कळलं ते असं. माझं कंट्रोल-एस एडिटरपर्यंत पोचतच नव्हतं. टर्मिनल ते मध्येच गिळायचं आणि पडदा थांबवून ठेवायचं. तो सोडवणारं कंट्रोल-क्यू दाबलं असतं, तर आत अडकलेलं बरंचसं परत आलं असतं. त्या मेल्या क्यूवर माझं बोट अजून जात नाही.

वैशाखात भाऊ वाडीवरून उतरला. बाबा माझ्याकडेच होते, अंथरुणावर. आवाज गेलेला, आणि अक्षरओळख त्यांना कधीच नव्हती.

"बाबा, वर पानी नाय गावत. म्हशी वरडतायत. कुठं उकरू?"

बाबा त्याच्याकडे बघून निवांत हसले. मग हात उचलून त्यांनी माझ्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.