सावनीचे कुटके

छावणीतल्या त्या गल्लीत कालिंदीबाईंनी कधी अन्न टाकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गल्लीतल्या गायीसुद्धा त्यांच्या दाराशी थांबायचं सोडून पुढं जात. कालच्या वरणात कणीक भिजवून त्या असे पराठे लाटत, की पाहुणा लाज सोडून तिसरा मागून घेई. उरलेल्या भातात ज्वारीचं पीठ आणि कांदा कालवून त्याचं थालीपीठ. भाकरी उरलीच तर ताकात कुस्करून वर लसणाची फोडणी. पण खरा हातखंडा पोळीच्या कुटक्यांचा. शिळी पोळी हातानंच बारीक करायची, मिक्सरला दाखवायचीसुद्धा नाही. मोहरी, कढीपत्ता, लालसर कांदा, हळद-तिखट, मूठभर दाण्याचा कूट, चिमूटभर साखर, मग पाण्याचा एक हबका आणि झाकण. ताज्या पोळीचे कुटके होत नाहीत, लगदा होतो. पोळीला रात्र काढावीच लागते, असं त्या गल्लीतल्या नव्या सुनांना बजावत.

आता इतक्या काटकसरीच्या घरात रोज पोळ्या उरायच्या कशा? उरत नव्हत्या, कालिंदीबाई मुद्दाम उरवत होत्या. एकुलती एक लेक सावनी एका खासगी दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी करून सकाळी आली, की तिला पोहे नको, उपमा नको. गाडी लावायच्या आतच ती खालून विचारी, कुटके केलेस का? त्यावर दही घालून घेई आणि बोटं चाटत खाई. त्या जादा पोळ्यांना लक्ष्मणरावांनी हात लावलेला चालत नसे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा गृहस्थ मग कुरकुरे, की या घरात लेकीच्या शिळ्याला जेवढा मान, तेवढा बापाच्या ताज्यालाही नाही.

त्या सकाळी कुटके कढईत झाकून ठेवलेले होते आणि सावनीची गाडी बीड बायपासला ट्रकखाली आली.

तिला घरी आणेपर्यंत शेजारच्या वच्छलाबाईंनी रीत पार पाडली. माणूस गेलं की घरातलं शिजलेलं अन्न आणि भरलेलं पाणी टाकून देतात. त्यांनी माठ उपडा केला, कढई गायीपुढं रिती केली, घासून पालथी घातली. त्यांचं काही चुकलं नाही. पण कालिंदीबाई स्वयंपाकघरात आल्या, पालथी कढई बघितली आणि तिथंच मटकन बसल्या. लेक उपाशी गेली, एवढंच त्या दिवसभर म्हणत राहिल्या. डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

सुतकात जेवण शेजारपाजारचं येई. उरलेलं या घरात रात्री ठेवायचं नाही, म्हणून वच्छलाबाई संध्याकाळी सगळं गोळा करून बाहेर नेत. कालिंदीबाई नुसत्या बघत राहत.

दहाव्याला सगळे कायगाव टोक्याला गेले. नदीकाठी पिंड मांडला. सावनीच्या आवडीचं म्हणून जिलेबी ठेवली, कुणी पाणीपुरीसुद्धा आणली होती. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना. लक्ष्मणरावांचे थोरले भाऊ काकासाहेब हात जोडून कबूल करू लागले, की आईबापाचा घोर सोड पोरी, आम्ही आहोत. कावळे ढिम्म.

"गुरुजी, तिला कुटके पाहिजेत," कालिंदीबाई म्हणाल्या. "भुकेली गेली लेक माझी."

पिंडाला शिळं चालत नाही, हे सांगताना गुरुजींचाही आवाज पडला. आणि चाललं असतं तरी आणायचं कुठून? ताजं कुणीही घटकेत करून दिलं असतं, शिळं कोण करून देणार? शेवटी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. बाकीच्यांना हायसं वाटलं. गवताच्या कावळ्यानं पोरीचं पोट भरतं, हे मात्र त्या आईला ब्रह्मदेवानंही पटवून दिलं नसतं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. त्या संध्याकाळी कालिंदीबाईंनी स्वतः कणीक मळली आणि दोन पोळ्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवल्या. सकाळी कुटके केले. फोडणीच्या वासानं लक्ष्मणराव उठून आले. त्यांनी गच्चीचं दार तेवढं उघडून दिलं. ताटलीत कुटके, वर दही. कालिंदीबाईंनी ताटली कठड्यावर ठेवली आणि दोघं भिंतीला टेकून उभे राहिले.

फार वेळ थांबावं लागलं नाही. कावळा आला, मान वाकडी करून त्यानं ताटलीकडं बघितलं आणि चोच घातली.

"शिवला," लक्ष्मणरावांनी हात जोडले.

इतके दिवस कावळ्यासाठी झुरलेली ती बाई एकदम पुढं धावली आणि पदरानं त्याला हाकलू लागली. "हाड, हाड. नको खाऊ. तिचं हाय ते, तिला येऊ दे."

उपाशी होती तोवर लेक कुठंतरी अडकून होती, आईची वाट बघत होती. पोट भरलं की ती निघणार, आणि मग कोणत्याच सकाळी येणार नाही. हे त्या माउलीला आत्ता, त्या कठड्यापाशी कळलं. इतक्या दिवसांचं रडू तेव्हा फुटलं.

लक्ष्मणरावांनी तिचा हात धरला.

"मागं सर," ते म्हणाले. "जेवू दे तिला."

कालिंदीबाई मागं सरल्या. कावळा परत कठड्यावर उतरला.