लॅपटॉपला वाहिलेल्या अक्षता

मंडळी, मागच्या आठवड्यात मी इथेच नव्या लॅपटॉपच्या नावाने खडे फोडले होते. ते शब्द मागे घेते.

बटणं अडकतात म्हणून आज सूनबाई मला इथल्या अ‍ॅमस्टेलव्हीन गावातल्या लॅपटॉपच्या दुकानात घेऊन गेली. बदली लॅपटॉप मी पसंतही केला. "आईंनी याला काहीही केलेलं नाही," ती ठामपणे सांगत होती.

दुकानातल्या बाईंनी आमचा लॅपटॉप उलटा करून हलवला, तर कुंकवाचे तांदूळ टपटप पडले. पूजेच्या अक्षता, मीच वाहिलेल्या!

सून त्या बाईंकडे वळली. म्हणाली, "सॉरी, पूजा मी केली होती."

आणि मी मूग गिळून उभी!

घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "आई, चहा टाकू?"

हे त्याच लॅपटॉपवर लिहितेय. एकही बटण अडकत नाही. तिच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ, सांगा बरं?