स्प्रूसची तहान

भिलाईत कारखाना उभा राहत होता, तेव्हा रशियन पाहुण्यांच्या बंगल्यापुढे त्यांच्या थंड देशातलं, सुईसारख्या पानांचं स्प्रूसचं झाड लावलं होतं. त्याच्या सुया तपकिरी पडू लागल्या. रोज एक साहेब यायचा, "बादलीभर पाणी टाक!" असा हुकूम सोडून जायचा. रिपोर्ट लिहायला मी कारकून होतोच.

भंडाऱ्याकडचा म्हातारा माळी मात्र तिथली माती चिमटीत घेऊन हुंगायचा.

"बाबूजी, मुळं सडून राहिली. तहान झाडाले नाही, साहेबायले हाये."

साहेब वळला की तो बादली वांग्यांच्या वाफ्यात ओतायचा.

पुढे स्प्रूसला हिरवे कोंब फुटले. वांगी माझ्याही घरी येत होती, म्हणून मी रिपोर्टात लिहिलं, 'नियमित पाण्यामुळे झाड वाचलं.'

साहेबानं खूश होऊन दोन बादल्या केल्या. माळ्यानं दुसरा वाफा खणायला घेतला.